भूगोलातली एक जागा

दरवर्षी जूनमध्ये दहा-बारा दिवस मला कॉलेजच्या व्हरांड्यात टेबल टाकून बसावं लागायचं. टेबलावर माहितीपत्रकांचा गठ्ठा, एक रजिस्टर, आणि मागच्या भिंतीवर चिकटवलेला कागद : 'विषय निवड मार्गदर्शन'. मी तत्त्वज्ञान शिकवायचे. ज्यांच्याकडे विद्यार्थी कमी त्यांच्याकडे वेळ जास्त, असं आमच्या प्राचार्यांचं मत होतं. त्यामुळे हे काम एकदा माझ्याकडे आलं ते बारा-तेरा वर्षं माझ्याकडेच राहिलं.

कॉलेज कला शाखेचं. तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं. संस्था काढणाऱ्यांची इच्छा अशी होती, की मराठवाड्यातल्या पोराला जे शिकावंसं वाटेल ते इथं मिळालं पाहिजे. म्हणून विषयांची यादी भलतीच लांब होती. मराठी, हिंदी, इंग्रजी, उर्दू, फारसी, पाली, संस्कृत; मग इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, लोकप्रशासन, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र, तत्त्वज्ञान, गृहशास्त्र, संगीत, नाट्यशास्त्र. इतक्या वेळा मी ती वाचून दाखवली आहे, की आजही त्याच क्रमानं तोंडातून येते. पण यादी लांब म्हणून निवड मोठी, असं काही नव्हतं. विषय गटांत बांधलेले होते आणि एका गटातल्या सगळ्या विषयांचे तास एकाच वेळी असत. संगीत घेतलं की मानसशास्त्र गेलं, पाली घेतली की समाजशास्त्र गेलं. भूगोल आणि फारसी एका गटात होते. का, ते कुणालाच सांगता यायचं नाही. वेळापत्रक आधीपासून तसं होतं.

मुलं गप्प उभी राहायची आणि बोलायचे ते सोबत आलेले वडील, मामा, चुलते. सगळ्यांचा प्रश्न एकच. "म्याडम, याचं पुढं काय होतं?" समाजशास्त्राचं पुढं काय होतं, गृहशास्त्राचं पुढं काय होतं. पहिली दोन-तीन वर्षं मी मनापासून उत्तरं दिली. विषय म्हणजे काय, तो माणसाला काय देतो, वगैरे. नंतर उत्तरं ठरून गेली. लोकप्रशासन : स्पर्धा परीक्षा. मानसशास्त्र : समुपदेशन. इतिहास : बी.एड. तत्त्वज्ञानाला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि मी ते शोधायचंही सोडून दिलं होतं.

मी सांगते आहे ते सलग दुसऱ्या दुष्काळाचं वर्ष. कॉलेज बांधलं तेव्हा ते वस्तीबाहेर होतं म्हणतात. मी लागले तेव्हासुद्धा स्टाफरूमच्या खिडकीतून शहरालगतच्या सातारा गावाचे डोंगर दिसायचे. त्या वर्षापर्यंत खिडकीसमोर चार मजली इमारती आल्या होत्या. बीड बायपासच्या दोन्ही अंगांना प्लॉट पडत होते, रोज नवीन कॉलनीची पाटी दिसायची आणि त्या कॉलन्यांमध्ये नळ नव्हता. आमच्या घरी नळ होता, पण त्याला सहाव्या नाहीतर सातव्या दिवशी पाणी यायचं. टँकरचे आवाज इतके सवयीचे झाले होते, की ते ऐकूनच किती वाजले हे कळायचं. सगळे शिक्षक घरून पाण्याची बाटली आणत आणि कुणी कुणाला पाणी विचारत नसे.

त्याच वर्षी नियम आला, की प्रथम वर्षाला पंधरा विद्यार्थी नसतील तर तो विषय चालवायचा नाही. माझ्या विषयाचं कसंबसं भागत होतं, कारण आमच्या गटात दुसरा विषय गणिताकडं झुकणारा होता आणि मुलं घाबरून माझ्याकडं यायची. प्रश्न होता फारसीचा.

फारसीचे सर आणि मी स्टाफरूममध्ये शेजारच्या खुर्च्यांवर अठरा वर्षं बसलो. बुटके, बारीक, कायम अर्ध्या बाहीचा पांढरा शर्ट. शहराच्या जुन्या भागात त्यांचं घर होतं आणि ते सायकलवर यायचे. बोलायचे मराठी आणि दख्खनी मिसळून; एका वाक्यात दोन्ही. माझ्या वडिलांचं शिक्षण निजामाच्या काळात उर्दूतून झालेलं. ते कचेरीत कारकून होते आणि म्हातारपणी माझ्या हिशोबाच्या वहीवरसुद्धा उर्दूत सही करायचे. हे मी सरांना एकदा सांगितलं, तेव्हापासून ते मला आपल्याच घरातलं कुणी समजत असावेत. माझे यजमान दोन महिने दवाखान्यात होते, तेव्हा माझे तर्कशास्त्राचे तास सरांनी घेतले. घरी पुस्तक वाचून यायचे आणि शिकवायचे. याबद्दल ते कधी एक अक्षर बोलले नाहीत. मला मुलांकडून कळलं. त्यांच्या निवृत्तीला एक वर्ष राहिलं होतं.

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी फारसीत चौदा नावं होती. त्यातली दहा-बारा मुलं उर्दू शाळांमधून आलेली, उरलेली दुसरं काही न सुचल्यानं आलेली. सर दुपारी एकदा टेबलाजवळ येऊन गेले. रजिस्टर बघितलं नाही, काही विचारलं नाही. "मॅडम, चाय पी लो," एवढंच म्हणून माझ्यासमोर कप ठेवला आणि गेले.

चारच्या सुमाराला ती मुलगी आली. पैठण रस्त्यावर चितेगावच्या अलीकडं तिचं गाव. वडील तिथल्याच एका कंपनीत कंत्राटी कामगार, पाळी संपवून तसेच आले होते, अंगावर निळा शर्ट. मुलीच्या हातात बारावीची गुणपत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत घालून धरलेली. मी नेहमीसारखी विचारायला लागले तर मला मध्येच थांबवून ती म्हणाली, "मला भूगोल पाहिजे."

या टेबलाशी कुणी इतकं ठाम बोलत नसे. मी विचारलं, "भूगोलच का?"

"नकाशे काढायला लई आवडतं."

तिचे वडील कौतुकानं हसले. "घरातल्या भितीवर बी काढलाय तिनं. जिल्ह्याचा."

भूगोलात प्रात्यक्षिकं असतात, त्यामुळे जागा ठरलेल्या. मी रजिस्टर उघडलं. भूगोलात एक जागा शिल्लक होती. एकच. शेजारच्या पानावर फारसीची चौदा नावं.

त्या क्षणी मी काय विचार केला, हे नंतर मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. फार मोठा विचार केला नव्हता. उकाडा होता, दिवसभर बोलून घसा बसला होता, आणि सरांनी आणलेला चहा पिऊन झालेला कप तिथंच होता. मी रजिस्टर मिटलं आणि म्हणाले, "भूगोल भरला गं."

मुलीचा चेहरा पडला. मग मी बोलत सुटले. शहर वाढतंय, जमिनींचे व्यवहार होताहेत, जुने कागद सगळे उर्दू-फारसी लिपीत आहेत, ते वाचणारी माणसं उरली नाहीत, फारसी शिकलीस तर पुढं मोठं काम आहे. यातलं बरंचसं खरंही होतं. वडिलांनी विचारलं, "पण हिला ती लिपी येत नाय, जमंल का?" मी म्हणाले, "आमचे सर अगदी पहिल्यापासून शिकवतात." वडील मुलीकडं बघून म्हणाले, "म्याडम म्हणतेत तर घे." तिनं घेतली. रजिस्टरात पंधरावं नाव मी माझ्या अक्षरात लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं, "पंधरा झाले." ते म्हणाले, "अल्लाह का शुकर." आणि थोड्या वेळानं, "कौन आया?"

मी म्हणाले, "चितेगावकडची आहे एक मुलगी. हुशार वाटली."

हुशार होतीच. पहिल्या चाचणीपर्यंत तिला लिपी यायला लागली आणि दिवाळीपर्यंत ती उर्दू शाळांतून आलेल्या मुलांच्या बरोबरीनं वाचायला लागली. सर स्टाफरूममध्ये तिची वही उघडून मला दाखवत. "देखो, हात कैसा बैठा है." अक्षरांच्या वळणांना ती जणू नद्यांचे काठ काढावेत तशी हळूहळू, पेन न उचलता रेघ काढायची. मी वही बघायचे आणि छान आहे म्हणायचे. खरं तर मला ती वही बघवत नसे.

तिच्या गावात टँकर सकाळी यायचा, पण सकाळी म्हणजे कधी याचा नेम नव्हता. टँकर आला की घरातल्या प्रत्येकानं हंडा घेऊन उभं राहायचं. त्यामुळे तिचा पहिला तास हमखास बुडायचा, आणि पहिला तास फारसीचाच होता. सरांनी तिच्यासाठी दुपारी एक वाजता वेगळा तास सुरू केला. डबा खाऊन झाला की दोघं कोपऱ्यातल्या रिकाम्या वर्गात बसायची. त्या वर्षी दारावरून जाताना सरांचा आवाज यायचा, एक ओळ ते म्हणायचे, मग तीच ओळ तिच्या मराठी वळणात. सर हसायचे, ती पुन्हा म्हणायची. अठरा वर्षांत मी त्यांना इतकं हसताना ऐकलं नव्हतं. मी स्वतःची समजूत घातली, की झालं ते बरंच झालं.

नाताळाच्या आधीची गोष्ट. भूगोलाच्या मॅडम स्टाफरूममध्ये कुरकुरत होत्या, की यंदा त्यांच्या प्रथम वर्षाच्या तुकडीत एक जागा जूनपासून रिकामीच राहिली आहे. इतकी पोरं भूगोल मागत असतात आणि एक टेबल तसंच पडून आहे, कार्यालयाचं लक्ष कुठं असतं कुणास ठाऊक. मी पेपर तपासत होते. मान वर केली नाही. सर त्यांच्या खुर्चीवर काही वाचत होते. त्यांचं पान उलटायचं थांबलं, हे मला बघितल्याशिवायही कळलं.

संध्याकाळी निघताना ते सायकल स्टँडजवळ थांबले होते.

"मॅडम, एक विचारू?"

"विचारा ना सर."

"भूगोलमें एक जगह खाली थी. जूनपासून. तुम्हाला माहीत होतं?"

नाही म्हणता आलं असतं. "होतं," मी म्हणाले.

"बच्ची को पूछा मैं, बोली के भूगोल मांगी थी. और तुम बोले के भर गया."

"हो."

त्यांनी सायकलचं कुलूप काढलं. "मेरे वास्ते?"

"सर, चौदाच होते. एकासाठी विषय बंद पडला असता."

"तर पडला असता. इतकी सालं चालला, पडला असता. त्यात काय?" त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "रोज दोपहर में वो मेरे सामने बैठती है. मैं समझा अपनी मर्जी से आयी. अब कल उसके सामने कैसा बैठूँ?"

मी म्हणाले, "सर, मी थकले होते त्या दिवशी."

"थकले तो सब हैं, मॅडम," एवढं बोलून ते सायकलवर बसले.

दुसऱ्याच दिवशी ते प्राचार्यांकडं गेले आणि म्हणाले, या मुलीला भूगोलात हलवा. प्राचार्य चक्रावले. त्यांनी सांगितलं, की नावं विद्यापीठाकडं गेली आहेत, पहिलं सत्र संपलं आहे, आता काही हलत नाही. आणि सर, तुमचा विषय तिच्यामुळेच चालू आहे हे तुम्हाला कळतंय का? सर म्हणाले, कळतंय म्हणूनच आलो. काही झालं नाही. बाहेर येऊन ते मला म्हणाले, "तुम बोलो उसको. मैं नहीं बोलूँगा. मेरा बोलने का नहीं है ये."

मी बोलले नाही.

त्याची कारणं मी देऊ शकते. जानेवारीत कॉलेजची बोअर आटली. फेब्रुवारीत वसतिगृह बंद करून मुलांना घरी पाठवलं आणि अभ्यासक्रम उरकायला रविवारीही तास ठेवले. घरी यजमानांची पथ्यं, सातव्या दिवशीचं पाणी, पिंपं भरून ठेवणं. रोज सकाळी ठरवायचे, आज तिला गाठायचं, आणि दुपारी एक वाजता कोपऱ्यातल्या वर्गासमोरून पुढं निघून जायचे. थकवा हे कारण मी त्या काळात फार वापरलं. सगळेच थकलेले असल्यामुळे ते कुणी तपासून बघत नसे.

एप्रिलअखेर सर निवृत्त झाले. निरोप समारंभात पाण्याऐवजी सरबताच्या लहान बाटल्या वाटल्या. ती मुलगी पहिल्या रांगेत बसली होती. सरांची जागा भरली गेली नाही आणि जूनच्या माहितीपत्रकात फारसीचं नाव नव्हतं. त्या जागी 'प्रवास व पर्यटन' असा नवा अभ्यासक्रम छापलेला. ते पत्रक मीच तपासून छापायला पाठवलं होतं.

ती टेबलाशी आली, या वेळी एकटीच.

"म्याडम, फारसी बंद झाली म्हणं. दुसऱ्या वर्षाला मी काय घेऊ? आता तरी भूगोल भेटंल का?"

नियमाप्रमाणे भेटणार नव्हता. पहिल्या वर्षी जो विषय घेतला नाही तो दुसऱ्या वर्षी घेता येत नाही. फारसीच्या सगळ्याच मुलांना लोकप्रशासन तेवढं घेता येत होतं, तेही एका सवलतीतून. मी रजिस्टर मिटलं. मग टेबल तसंच सोडून तिला म्हणाले, "चल माझ्याबरोबर."

कोपऱ्यातला वर्ग उघडाच होता. बाकांवर धूळ. मी तिला सांगितलं. सांगायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

ती बाकाच्या कडेवर टेकली. मग म्हणाली, "म्हंजे जागा होती?"

"होती."

"आन तुम्ही बघितली व्हती."

"हो."

"सरांना ठावं होतं?"

"आधी नव्हतं. डिसेंबरात कळलं. ते तुला हलवा म्हणून प्राचार्यांकडं गेले होते."

तिनं बाकावरच्या धुळीत बोटानं एक रेघ ओढली आणि पुसून टाकली. "म्हणूनच नंतर ते हसायचे नाईत," ती म्हणाली. मग उभी राहिली. "आता काय करायचं ते सांगा."

करण्यासारखं एकच होतं. विद्यापीठाकडं विशेष परवानगीचा अर्ज करायचा, की या विद्यार्थिनीला चुकीची माहिती दिली गेल्यामुळे तिचा विषय हुकला, तिला पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाचा भूगोल एकदम पूर्ण करू द्यावा. मी अर्ज लिहिला. माहिती कुणी दिली, तेही लिहिलं. तिनं वाचून सही केली.

प्राचार्यांनी अर्ज वाचला आणि चष्मा काढला. "मॅडम, हे वाक्य काढा. जागा शिल्लक असूनही सांगितलं नाही, हे कशाला पाहिजे?"

"ते काढलं तर परवानगी मागायला कारण उरत नाही, सर."

"उद्या चौकशी लागेल. कॉलेजचं नाव जाईल."

"माझं जाईल. मी लिहिलंय तसं."

ते पाच-सहा दिवस अर्ज टेबलावर ठेवून होते. शेवटी त्यांनी तो पुढं पाठवला आणि त्याच दिवशी मला खुलासा मागणारं ज्ञापन दिलं. ज्ञापन माझ्या सेवापुस्तिकेत लागलं. स्टाफरूममध्ये काहीजण माझ्याशी जपून बोलायला लागले. विद्यापीठात मी सात-आठ चकरा मारल्या. एका खिडकीवर कागद अपुरे, दुसऱ्या खिडकीवर साहेब रजेवर. त्या वर्षी पाऊस थोडा झाला, पण धरणात यावा असा नाही. दिवाळीनंतर परवानगीचं पत्र आलं.

तोवर अर्धं वर्ष गेलं होतं. भूगोलाच्या मॅडमनी पत्र बघून मला विचारलं, "दोन वर्षांची प्रात्यक्षिकं ही पोरगी चार महिन्यांत कशी करणार?" पण परवानगीची वाट न बघता त्यांनी तिला जुलैपासूनच वर्गात बसू दिलं होतं, हे मला तेव्हा कळलं. मुलीनं ती पूर्ण केली. टँकरच्या रांगेतून यायची, थेट प्रयोगशाळेत जायची आणि कॉलेज बंद व्हायच्या वेळी निघायची. क्षेत्र अभ्यासासाठी तिनं स्वतःचं गाव घेतलं. गावातली प्रत्येक विहीर, प्रत्येक बोअर, कुठली केव्हा आटली, आणि शिवारात पडलेले नवे प्लॉट, सगळं पायी फिरून तिनं नकाशावर मांडलं. भूगोलाच्या मॅडमनी तो नकाशा विभागाच्या भिंतीवर लावला. मी तो बघायला गेले, पण ती आत होती म्हणून दारातूनच परत फिरले.

माझ्याशी ती वाईट वागली नाही. समोर आले की "नमस्कार म्याडम" म्हणायची. त्यापुढं काही नाही. मी एकदा विचारलं, अभ्यास कसा चाललाय. "चाललाय," ती म्हणाली आणि वाट सोडून बाजूला उभी राहिली, मी पुढं जावं म्हणून.

तिसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी सरांना भेटायला त्यांच्या घरी गेले. किती दिवस टाळत होते. सरांनी दार उघडलं, बसा म्हणाले, आत चहा सांगितला. बोलता बोलता कळलं, की ती मुलगी दर रविवारी त्यांच्याकडं येते. परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. फारसीचं पहिल्या वर्षी जिथं थांबलं होतं तिथून पुढं वाचायला येते. सरांनी तिला सांगितलं होतं, की आता त्याचा काही उपयोग नाही. त्यावर ती म्हणाली होती, "उपयोगाचं मी कुठं विचारलं?"

मी चहा घेतला. न राहवून विचारलं, "माझं नाव निघतं का कधी?"

सरांनी खरं सांगितलं. "नहीं निकलता."

तिला बी.ए.ला दुसरा वर्ग मिळाला. दोन वर्षांचा विषय एकदम केला नसता तर पहिला मिळाला असता, असं भूगोलाच्या मॅडम म्हणायच्या. माझा विषय त्यानंतर दोन वर्षांनी बंद झाला. तेव्हा आमच्याकडं पंधराच्या ठिकाणी नऊ मुलं होती आणि मी कुणालाही काही सुचवलं नाही. मला सगळ्या वर्गांना सक्तीचा असलेला पर्यावरणाचा पेपर शिकवायला दिला. त्यात दुष्काळावर एक प्रकरण होतं. मुलं खाली मान घालून लिहून घ्यायची.

तिची पुन्हा भेट झाली ती विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासणी केंद्रात, मी निवृत्तीला आले होते तेव्हा. तीच आधी माझ्या टेबलाजवळ आली. एम.ए. झाली होती, भूगोलात, आणि सिल्लोडला एका कॉलेजात तासिका तत्त्वावर, तासागणिक पैशांवर, शिकवत होती. आम्ही बाहेर टपरीवर चहा घेतला. सर जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं; थोडा वेळ त्यांच्याबद्दल बोललो. मग तिनं आपणहून सांगितलं, की तिच्या कॉलेजात भूगोलाची तुकडी बंद पडायला आली आहे. मे महिन्यात शिक्षकांना गावोगाव पाठवलं होतं, मुलं आणायला.

"तूही गेलीस?"

"गेले ना. उन्हात अकरा गावं हिंडले. लोकं विचारतात, याचं पुढं काय होतं. जे होतं ते सांगितलं. माझंच सांगितलं, की एम.ए. करून तासिकेवर आहे."

"मग?"

"मग काय म्याडम. खरं सांगून जेवढी आली तेवढी घेतली." तिनं कप ठेवला. "सहा कमी पडलीत."

चहा झाल्यावर आम्ही आत गेलो आणि आपापल्या गठ्ठ्यांवर बसलो. संध्याकाळी पाच वाजता तिची सिल्लोडची बस होती. जाताना तिनं लांबूनच हात वर केला, आणि मीही केला.